त्या खोलीत बसण्याआधी

चि. मुलीस,


हिंजवडीत चार वर्षं कोड लिहिते आहेस, पण काय बनवायचं हे ठरतं तेव्हा त्या खोलीत तू नसतेस, असं तू कळवलंस. म्हणून परदेशी एमएस करून प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं आहे. कारण मला पटलं. नुसता पगार किंवा ऑनसाइट हे कारण असतं, तर मी तुला थांबवलं असतं.

पण त्या खोलीतल्या माणसाच्या हातात काय असतं ते आधी पाहा. इंजिनिअर त्याला रिपोर्ट करत नाहीत, डिझायनर करत नाहीत, विक्री विभाग तर नाहीच. हुकूम न देता सगळ्यांना एका निर्णयावर आणायचं, आणि त्यासाठी त्याच्यापाशी भांडवल एकच: ग्राहकाची इतरांपेक्षा जास्त माहिती. हे काम सॉफ्टवेअरच्या आधीचं आहे. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय हा तरुण कॅमे साबणाची जाहिरात सांभाळत होता. कंपनीचं लक्ष मात्र आपल्याच जुन्या आयव्हरी साबणाकडे. त्याने वरिष्ठांना टिपण लिहिलं की प्रत्येक ब्रँडची जबाबदारी स्वतंत्र माणसांवर टाका. त्यांनी भागाभागातली विक्री तपासावी आणि जिथे माल खपत नाही तिथे का खपत नाही ते शोधून काढावं. 

आपल्याकडचं उदाहरण फणींद्र सामाचं. बंगळुरूत नोकरी करणाऱ्या या इंजिनिअरला दिवाळीला घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. मग ट्रॅव्हल एजंटांकडे आणि बसमालकांकडे जाऊन, सीट कोण कोणाला आणि कशा विकतं हे त्याने समजून घेतलं. २००६ साली मित्रांसह त्याने बसतिकिटांची रेडबस कंपनी सुरू केली. त्याला ही चौकशी जमली, कारण तिकीट न मिळणारा प्रवासी त्याच्या ओळखीचा होता, किंबहुना तो स्वतःच होता.

तुझी खरी अडचण इथे येणार आहे. तुझं जावा पुण्यात चालतं तसंच पिट्सबर्गमध्ये चालेल. माणसांची ओळख मात्र इथेच राहते. समजा, मुलाखतीत विचारलं की औषधांच्या दुकानाचं अ‍ॅप कसं सुधारशील. तुझ्या डोळ्यांपुढे अर्धी स्ट्रिप कापून देणारा, उधारी वहीत मांडणारा कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. अमेरिकेत मात्र गोळ्या मोजून, पेशंटचं नाव छापलेल्या बाटलीत भरून मिळतात. डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन थेट दुकानात पोचतं, आणि किती पैसे द्यायचे हे विमा कंपनीशी झालेल्या देवाणघेवाणीवर ठरतं. दरमहा हप्ता भरूनही वर्षाची ठरावीक रक्कम खिशातून गेल्याशिवाय विमा बऱ्याच खर्चाला हात लावत नाही. हे ज्याला ठाऊक नाही त्याचं उत्तर कितीही हुशारीचं असलं तरी पोकळ वाटतं. अशा मुलाखतींत तल्लख मुलं अडखळताना मी पाहिली आहेत, आणि दरवेळी वाईट वाटलं आहे.

म्हणून कोर्स निवडताना तिथे रुळायला किती वेळ मिळतो ते बघ. कार्नेगी मेलनचा प्रॉडक्ट मॅनेजमेंटचा एमएस कोर्स संगणकशास्त्र आणि व्यवस्थापन ही दोन्ही स्कूल मिळून चालवतात. तो वर्षभराचा आहे आणि उन्हाळ्यातली इंटर्नशिप त्यातच येते, म्हणजे पोचल्या पोचल्या अर्ज सुरू. केलॉग बिझनेस स्कूलच्या एमएमएम कोर्समध्ये एमबीए आणि डिझाइन इनोव्हेशनची एमएस अशा दोन पदव्या मिळतात. मुदत लांब, खर्च जास्त, पण श्वास घ्यायला जागा आहे. तुझ्यासारखीला, जिने भारताबाहेर पाऊल टाकलेलं नाही, मी लांबचा रस्ता सुचवेन.

व्हिसाचं थोडक्यात. पदवी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत असेल तर शिक्षणानंतर १२ आणि वर २४ असे ३६ महिने काम करता येतं. नसेल तर १२च. कोर्स कोणत्या गटात आहे हे विद्यापीठाकडून लेखी घे. पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा: वर्षाला ६५,००० आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००, तेही सोडतीने. सोडत लागेलच असं धरून कर्ज काढू नकोस. इथे परतून फेडता येईल एवढाच हप्ता ठेव. घर तारण ठेवायची वेळ आली तर आईबाबांशी आकडे मांडून बोल, नुसत्या हौसेने नको.

जायच्या आधी आहे त्या नोकरीतच एक कर. तुमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या तक्रारी जिथे येतात त्या सपोर्ट टीमबरोबर बसायची परवानगी माग. महिनाभर फोन ऐक. एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे असं दिसलं की मुळाशी जा, लिहून काढ आणि मॅनेजरपुढे ठेव. तो नाही म्हणाला तर का म्हणाला तेही टिपून ठेव. क्लायंटच्या कॉलवर एकदा तरी गप्प बसून ऐकायला मिळतं का ते विचार.

हे करताना कंटाळा आला, परत आपल्या स्क्रीनपाशी जावंसं वाटलं, तर तसंच मला लिही. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट होणं हाही मानाचा रस्ता आहे, त्याला इतकं कर्ज लागत नाही. आणि गोडी लागली, तर स्टेटमेंट ऑफ पर्पजचा कच्चा खर्डा पाठव. त्यात लहानपणापासूनची आवड वगैरे नको. तू ऐकलेली तक्रार, तू सुचवलेला बदल आणि त्याचं पुढे काय झालं, एवढंच लिही. मी लाल पेन घेऊन वाचेन.


तुझी,
मावशी