वाचून दाखवले, बरोबर आहे

अंबड-घनसावंगी भागात मोसंबीच्या बागेचं पाणी लाइटच्या वेळेवर चालतं. शेतीची थ्री-फेज लाइट पुष्कळदा रात्रीच येते. ती आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. पण शेततळं भरलं, आता थांबायचं, हे त्या ऑटोला कळत नाही. सुट्टीला घरी आलेल्या माझ्या भाच्यानं, तो इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, यावर स्वतःच तोडगा काढायला घेतला. आर्डुइनो ऊनो नावाचं तळहाताएवढं बोर्ड, मोटार चालू-बंद करायला एक रिले आणि पाण्यावर तरंगणारा सेन्सर, एवढंच सामान. त्या बोर्डावरच्या चिपमध्ये प्रोग्रॅम साठवायला जागा असते फक्त ३२ केबी. मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. मोटार कधी चालू, कधी बंद, मध्येच लाइट गेली तर काय करायचं, हे सगळं मात्र त्यात आरामात बसतं.

कोड लिहायचा संगणकावर. मग तो चिपला कळेल अशा रूपात उतरवायचा आणि यूएसबीच्या वायरीतून बोर्डात टाकायचा. टाकताना बोर्डावरचे दोन बारीक दिवे भराभर लुकलुकतात. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. पण त्यानंतर जे होतं, तेच मला सगळ्यांत आवडलं. या चिपमध्ये कोड एकदम ओतला जात नाही, १२८ बाइटचं एकेक पान करून लिहिला जातो. सगळी पानं लिहून झाली की संगणक तोच कोड चिपमधून परत वाचून घेतो आणि आपल्याजवळच्या मूळ प्रतीशी एकेक बाइट ताडून पाहतो. सगळं जुळलं तर पडद्यावर ओळ येते, इतके बाइट व्हेरिफाइड. एक जरी बाइट वेगळा निघाला तरी तसं स्पष्ट सांगतो. ईएसपी३२ नावाची वायफायवाली चिप असेल तर रीत थोडी निराळी. तिथं लिहिलेल्या मजकुरावरून हिशोबानं काढलेला एक आकडा चिपकडून मागवतात आणि संगणकानं काढलेल्या आकड्याशी तो जुळवतात. भाव तोच. या तपासणीला थोडा वेळ जास्त लागतो आणि हवी तर ती बंद ठेवण्याची सोयही असते. भाचा ती नेहमी चालू ठेवतो. का, असं विचारलं तर म्हणाला, “मामा, रात्री दोन वाजता तळ्यावर बघायला कोण जाणार?”

यात बोर्डावर अविश्वास नाही. मध्ये वायर आहे आणि ती ढिली असू शकते, एवढंच संगणकानं धरून ठेवलेलं असतं. माणसामाणसांतही मध्ये बरंच काही असतं: घाई, गाड्यांचे हॉर्न, मिक्सरचा आवाज, मनात चाललेला दुसराच विचार. आपल्या जुन्या व्यवहारानं हे चांगलं ओळखलं होतं. जबाब लिहून झाला की पुष्कळदा शेवटी ओळ येते, माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. गावच्या संस्थेपासून शहरातल्या सोसायटीपर्यंत सभेच्या नोटिशीत पहिला विषय असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विमानाचा वैमानिकही टॉवरकडून आलेली महत्त्वाची सूचना परत म्हणून दाखवतो. आणि घनसावंगी तालुक्यातल्याच जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी तर दासबोधात १९व्या दशकाचा पहिला अख्खा समास लेखनक्रियेला दिला आहे. शाई, बोरू, ओळींमधलं अंतर, सगळं त्यात आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत लिखाण एकाच टाकानं केल्यासारखं दिसावं, इतकी बारीक अपेक्षा त्यांनी ठेवली. तेव्हा ग्रंथ नकलूनच पुढे जात. एका नकलेत शिरलेली चूक तिच्यावरून केलेल्या प्रत्येक नकलेत उतरण्याची भीती असे. घरात मात्र आपण “समजलं ना?” एवढंच विचारतो. त्याचं उत्तर “हो” असंच असतं, समजलेलं असो वा नसो.

कोड जसाच्या तसा पोचला म्हणजे तो बरोबर आहे, असं अर्थात नाही. बाजारात मिळणारी बरीच रिले मॉड्यूल उलटी चालतात, पिन बंद केली की ती चालू होतात. हे ध्यानात न घेता कोड लिहिला तर तळं भरल्यावरच मोटार सुरू होईल, आणि संगणक मात्र सगळं जुळलं म्हणून सांगेल. म्हणून भाच्यानं मोटारीच्या जागी आधी साधा बल्ब लावून बघितला. बोलण्यातही हे दोन टप्पे वेगळेच. समोरच्यानं परत म्हटलं की निरोप पोचल्याची खात्री होते, निरोप योग्य होता का ते वेगळं पाहावं लागतं. पण आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यातली चूक पटकन कानाला खटकते, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ही सवय लावून घ्यावी असं मला वाटतं. सुरुवात आपण ऐकणारे असू तिथून करावी, म्हणजे कुणाला परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही. ताई फवारणीच्या दिवशी औषधाच्या दुकानात फोन लावते, तेव्हा समोरच्यानं प्रमाण सांगितलं की लगेच म्हणून दाखवते, “पंधरा लिटरच्या पंपाला एवढे मिली, बरोबर ना दादा?” मगच फोन ठेवते. आज कामाला निघताना घरून बाबांची बीपीची गोळी आणायला सांगितली, तर “हो, आणतो” म्हणून चप्पल घालण्याआधी “चाळीसची ना, एक पट्टी?” एवढं विचारून बघा. “नाही रे, डॉक्टरांनी मागच्या वेळी वीसची केली,” असं उत्तर येऊ शकतं.