खोटी गोळी आणि खरी शिवी

ख्रिस्ती मुलाने मोबाइलवर अथवा संगणकावर बंदुकीचे खेळ खेळावेत काय, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांतील पालक आता वारंवार विचारू लागले आहेत. सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. बाप यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून घरी येतो, तेव्हा मुलगा कानाला यंत्र लावून कोणा न दिसणाऱ्या माणसाशी बोलत असतो. "डावीकडे दोन आहेत, मी मागे येतो, तू थांब." बापाला वाटते, पोरगे हातचे गेले. मुलाला वाटते, बाबांना काही कळत नाही. या दोघांमध्ये पाळकाने अथवा तरुण संघाच्या पुढाऱ्याने काय सांगावे?

सरकारने एकदा सोपे उत्तर देऊन पाहिले. जानेवारी 2019 मध्ये गुजरातच्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांतून पबजी या खेळास बंदी करण्याच्या सूचना काढल्या. मार्चमध्ये राजकोटच्या पोलीस आयुक्तांनी शहरात हा खेळ खेळण्यासच मनाई केली, व त्याच महिन्यात सुरतेतही तसा हुकूम निघाला. राजकोटला खेळताना सापडलेल्या काही तरुणांना अटकही झाली. ते हुकूम तात्पुरते होते. पुढे 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 चिनी ॲपवर बंदी घातली, तीत पबजीही गेले. पण ते कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते, मुलांच्या नीतीचे नव्हे. 2021 च्या जुलैत तोच खेळ नवे नाव घेऊन परत आला, 2022 च्या जुलैत पुन्हा गेला आणि 2023 च्या मे महिन्यात पुन्हा आला.

या येण्याजाण्यातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. मार्च 2019 मध्ये सुरतेच्या फलाटावर जो खेळ गुन्हा होता, तो ताप्ती लाइनच्या गाडीने नंदुरबारला उतरल्यावर गुन्हा राहत नव्हता. कायद्याला हद्द असते आणि ती असावीच; तो पाळणे आपले कर्तव्यही आहे. पण पाप आणि पुण्य रेल्वेच्या तिकिटाने बदलत नसते, म्हणून मुलाच्या अंतःकरणाचा प्रश्न पोलिसांच्या हुकुमाने सुटत नाही.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत अशा वडील मंडळींसाठी थोडे सांगितले पाहिजे. न पाहता दिलेला निकाल तरुण ऐकत नाहीत, आणि त्यांचे त्यात चुकते असे आम्हांस वाटत नाही. पबजीत शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, चौघाचौघांचे गट असतात आणि खेळण्याचे वर्तुळ हळूहळू लहान होत जाते. संगणकावर व्हॅलोरंट नावाचा दुसरा खेळ 2020 पासून चालू आहे. त्यात पाच विरुद्ध पाच असतात. एका बाजूने ठरलेल्या जागी स्फोटक ठेवायचे, दुसऱ्या बाजूने ते ठेवू द्यायचे नाही किंवा ठेवलेले निकामी करायचे. बारा डाव झाले की बाजू बदलतात आणि जो संघ प्रथम तेरा डाव जिंकतो त्याचा सामना. एक सामना साधारण अर्धा-पाऊण तास चालतो. डावात जो मेला तो त्या डावापुरता बाहेर बसून सोबत्यांचा खेळ पाहतो.

नवशिक्याला एकदम मानांकनाच्या सामन्यात घेत नाहीत. आधी वीस पातळ्या चढाव्या लागतात. तोपर्यंत बिनमानांकनाचे सामने असतात. नियम तेच, फक्त हरल्याने दर्जा घसरत नाही. म्हणजे खेळ गंमतीचा, पण चुरस खरी. बहुतेक मुले येथूनच सुरुवात करतात. अनोळखी चार जणांबरोबर पहिला सामना खेळणारा मुलगा काय शिकतो, हे पालकांनी पाहण्यासारखे आहे. एकटा पुढे धावला तर मरतो. जे दिसले ते सोबत्यांना थोडक्यात सांगायचे असते. आपल्याजवळ पैसे उरले तर ज्याच्याजवळ नाहीत त्याला हत्यार विकत घेऊन द्यायचे असते. (हे पैसे खेळातलेच असतात, प्रत्येक डावाला मिळणारे, खिशातले नव्हेत. खिशातल्यांविषयी पुढे बोलू.) पबजीत एखादा सोबती घायाळ होऊन पडला तर त्याच्याजवळ जाऊन सुमारे दहा सेकंद बसल्यास तो उठतो, पण तेवढा वेळ उठवणारा उघड्यावर असतो. बरेच जण उठवायला जात नाहीत. जे जातात त्यांची नावे मुले लक्षात ठेवतात.

आता मुख्य आक्षेप. हे सगळे खरे असले तरी शेवटी माणसे मारण्याचा खेळ तो! मारण्याची नक्कल करणे हे मारण्याच्या किती जवळ आहे?

आमच्या पिढीने हा प्रश्न कधी विचारला नाही, कारण आपले खेळ आपल्याला निरुपद्रवी वाटत. पण हुतूतूत गडी 'मरतो', आणि संजीवनी प्रकारात समोरचा गडी मेला की आपला मेलेला गडी 'जिवंत' होतो. बुद्धिबळात राजाला कोंडून मारायचे असते. दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर भाला घेतलेले मावळे उभे करतात आणि सुरत म्हटली की पोराला प्रथम 1664 ची लूट आठवते. यापैकी कशानेही कोणी खुनी झाला असे आम्ही ऐकले नाही. लढाईची नक्कल हा मुलांच्या खेळाचा जुना भाग आहे, तो एखाद्या परदेशी कंपनीने आणलेला नाही.

तरीही येथे चित्र जिवंत आहे, आवाज खरा वाटतो, हे मान्य केले पाहिजे. नव्या नावाने भारतात आलेल्या पबजीत रक्ताचा रंग लाल न ठेवता हिरवा केला गेला आणि 'ठार मारले' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'संपवले' असा शब्द आला. आम्हांला यात थोडी मौज वाटते. रंग बदलल्याने मुलाचे मन शुद्ध होते असे कोणाला वाटत असेल तर वाटो. याहून बरा विचार आशियाई खेळांच्या आयोजकांनी केला. 2023 मध्ये हांगचौ येथे या खेळाची जी स्पर्धा झाली तीत संघांनी एकमेकांवर गोळ्या झाडायच्या नव्हत्या, निशाणांवर झाडायच्या होत्या. म्हणजे चुरस, नेम आणि संघभावना ही माणूस मारल्यावाचूनही राहू शकतात.

ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या सहाव्या भागात अलिपियस या आपल्या मित्राची हकिकत दिली आहे. अलिपियस रोमला शिकत असता सोबत्यांनी त्याला ओढून आखाड्यात नेले. तेथे माणसे एकमेकांना खरोखर मारीत. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. पण लोकांची एकदम आरोळी उठली, त्याने डोळे उघडले, आणि त्या क्षणापासून तो त्या गर्दीतलाच एक झाला; पुढे स्वतःच इतरांना तेथे नेऊ लागला. आपले खेळ आखाड्यासारखे नाहीत, कारण येथे कोणी मरत नाही. पण अलिपियसला जिंकले ते रक्ताने नव्हे, आधी आरोळीने. त्याचे डोळे तयार होते, कान तयार नव्हते.

म्हणून आम्ही पालकांना सांगतो, पडद्यावर काय दिसते ते पाहाच, पण मुलाच्या कानातले यंत्र काढून एक सामना स्वतःच्या कानाला लावून ऐका. आईबहिणीवरून दिलेल्या शिव्या ऐकू येतील, मराठीत, हिंदीत, गुजरातीत. जातीवरून, धर्मावरून, गावावरून हिणवणे ऐकू येईल. मुलीचा आवाज आला की जे बोलले जाते ते येथे लिहिण्याजोगे नाही. त्यामुळे कित्येक मुली बोलण्याची सोय बंद ठेवूनच खेळतात. आणि सर्वांत जास्त मार बसतो तो नवशिक्याला. त्याला वाट ठाऊक नसते, तो चुकीच्या वेळी गोळी झाडतो, डाव हरतो, आणि चार अनोळखी लोक त्याच्यावर तुटून पडतात.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने खुनाच्या आज्ञेचा अर्थ उलगडला तेव्हा तो तलवारीविषयी बोलला नाही. तो भावावर धरलेल्या रागाविषयी आणि त्याला तुच्छ ठरवणाऱ्या शब्दाविषयी बोलला. (मत्तयाचा पाचवा अध्याय तरुणांनी या दृष्टीने एकदा वाचावा.) या खेळांत नेमके हेच उलटे होऊन बसले आहे. ज्या गोळीला आपण भितो ती खोटी आहे. जिला लागली तो माणूस पुढच्या डावात उभा राहतो. पण शिवी खरी आहे. ती ऐकणारा नाशिकचा असो की नवसारीचा, खरा माणूस आहे, त्याला आई आहे, आणि सामना संपल्यावर ते शब्द घेऊनच तो जेवायला बसतो. देवाच्या न्यायासनासमोर खोट्या गोळ्यांचा हिशेब मागितला जाईल असे आम्हांस वाटत नाही. त्या पाच अनोळखी तासांत तोंडातून जे गेले त्याचा हिशेब मात्र मागितला जाईल, हे याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

कोणी म्हणेल, तेथे नाव खरे नसते, तोंड दिसत नाही, ते बोलणे खेळापुरते. पण नाव लपवल्यावर माणूस जे बोलतो ते त्याचे कमी नसते. बहुधा तेच अधिक त्याचे असते.

दुसरी गोष्ट वेळेची. हा सामना मध्येच थांबवता येत नाही. बुद्धिबळाचा पट झाकून ठेवून आजोबा चहा पिऊन येतात, तसे येथे नाही. एकजण उठला की चौघे पाचांविरुद्ध लढतात, आणि उठणाऱ्याला काही काळ खेळण्यास बंदी होते. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेची वेळ झाली, बापाने हाक मारली, मुलगा म्हणतो "दहा मिनिटे", बाप मोबाइल हिसकावतो. या भांडणात आम्ही सरळ बापाच्या बाजूला उभे राहू असे वाचकांना वाटेल. पण त्या मुलाने चौघांना अबोल वचन दिलेले असते, आणि दिलेले वचन पाळण्यास आपणच त्याला शब्बाथशाळेत शिकवले आहे. दोष आहे तो सामना सुरू करण्याच्या क्षणात. प्रार्थना आठ वाजता असते हे ठाऊक असून पावणेआठला नवा सामना सुरू करणारा मुलगा दोन वचनांपैकी एक मोडण्याचे आधीच ठरवून बसतो. बापानेही सामना किती वेळ चालतो हे विचारून घ्यावे आणि हाक सुरू होण्याआधी मारावी. एवढ्याने अनेक घरांतली रोजची कटकट मिटेल.

ज्याला सोडवतच नाही त्याची गोष्ट निराळी. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मान्य केलेल्या व 2022 पासून अमलात आलेल्या रोगांच्या यादीत खेळाच्या व्यसनाचा समावेश आहे. अभ्यास, झोप, जेवण, माणसे सगळे मागे पडून असे वर्षभर चालले असेल तर तो उपदेशाचा विषय नाही. डॉक्टरकडे न्यावे, आणि त्यात लाज मानू नये.

पैशांविषयी थोडक्यात. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी केली, हे चांगले झाले. बंदुकीचे हे खेळ त्यात येत नाहीत, पण त्यांत बंदुकीला रंगीबेरंगी कातडी चढवण्यासाठी खरे पैसे मागतात. त्या कातडीने नेम सुधारत नाही. बापाच्या पाळीच्या पगारातून ती घ्यावी की नाही, हे मुलाने बापाच्या डोळ्यांत पाहून विचारावे.

राहिला तो प्रश्न आम्हांला सर्वांत कठीण वाटतो. तरुण म्हणतात, "आम्ही शिव्या देत नाही. कोणी देऊ लागला की त्याचा आवाज बंद करतो, तशी कळ आहे." ही कळ उपयोगी आहे, लहान मुलांनी ती वापरावीच. पण समजा तिघे मिळून चौथ्याला, नव्याला, त्याच्या जातीवरून छळत आहेत आणि पाचवे आपण आहोत. आपण आवाज बंद केला. आपल्याला आता शांत आहे. त्याला मात्र सगळे ऐकू येतेच आहे. लूकच्या दहाव्या अध्यायातील याजक आणि लेवी यांनी त्या जखमी माणसाला मारले नव्हते, लुटलेही नव्हते. ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने गेले. ती कळ म्हणजे रस्त्याची दुसरी बाजू होऊ शकते.

तेथे उपदेश करून उपयोग नाही, हे आम्हांला कळते. अनोळखी पोरांना बायबलचे वचन ऐकवले तर ते आणखी चेकाळतील. पण "राहू दे रे, नवीन आहे तो, मी त्याच्याबरोबर जातो" एवढे म्हणायला काय लागते? जातीवरून बोलणाऱ्याची तक्रार करण्याची सोय खेळातच आहे, ती सामना संपल्यावर वापरता येते. आणि पुढच्या डावात त्या नव्याच्या शेजारी उभे राहून त्याला सांगता येते की कोपऱ्यावरून वळताना एकदम बाहेर येऊ नकोस, थोडा थांब, मी आधी बघतो.