अतिथी की गिऱ्हाईक?

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी ह्या शब्दाची फोड आपल्याकडे परंपरेने करीत आले आहेत. ह्या कसोटीस लावून पाहिले तर, गेल्या भाद्रपदात कळसूबाईच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याच्या घरी आम्ही सहकुटुंब जेवावयास गेलो, तेव्हा आम्ही अतिथी खचितच नव्हतो. आमची तिथी आठ दिवस आधी ठरली होती. माणसे किती, जेवणात काय काय, दर माणशी पैसे किती, हे सारे फोनवरून पक्के झाले होते, आणि निम्मी रक्कम आगाऊ पोचतीही झाली होती. तथापि घरच्या मालकाने ओटीवर घोंगडी टाकून 'या, बसा' म्हटले, हातपाय धुण्यास तांब्याभर पाणी पुढे आले, आणि आम्ही गिऱ्हाईक आहो ही गोष्ट उभय पक्ष काही वेळ विसरून गेले. निघताना मात्र तिची आठवण अशा रीतीने झाली की, त्या घरी आपण नेमके कोणत्या नात्याने जेवलो, हा प्रश्न अद्याप आमच्या मनातून गेलेला नाही. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

अन्न जेथे पिकते तेथेच, पिकविणाऱ्याच्या हातचे खावे, ही आवड शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आता चांगलीच रुजली आहे. तिचे मूळ परदेशात आहे असे म्हणतात, व ते काही अंशी खरेही आहे. अमेरिकेत बर्कली येथे ॲलिस वॉटर्स ह्या बाईंनी १९७१ साली एक भोजनगृह काढले व जवळपासच्या शेतांतील ताज्या मालाचा आग्रह धरून ते नावारूपास आणले. शेतकऱ्याने आपल्या घरी पाहुणे ठेवावे व त्यांस आपल्याच शेतातील जिन्नस खाऊ घालावे, ह्या व्यवसायास इटलीने १९८५ साली कायदा करून मान्यता दिली. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाचे कृषी पर्यटनाचे धोरण २०२० साली आले. आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे म्हणून पाळले तेव्हापासून, आमच्या आजीने ज्या भाकरीस गरिबीची खूण मानिले ती भाकरी मेजवानीच्या ताटात मानाने विराजमान झाली आहे.

आम्ही गेलो तो अकोले तालुका अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या पश्चिम टोकास सह्याद्रीच्या कुशीत आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, त्याच्याच सीमेवर उभे आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर लोकांची. पाऊस येथे धो धो पडतो. पण जमीन उताराची, माती पातळ. खाचरांत भात होतो, आणि उतारावर नागली, वरई व खुरासणी. नागली म्हणजे इतरत्र जिला नाचणी म्हणतात तीच. तिच्यासाठी उन्हाळ्यात जमिनीच्या लहानशा तुकड्यावर फांद्या, पाला व शेण पसरून ते जाळावयाचे, ह्यास राब म्हणतात. त्या भाजलेल्या भुईत पावसाच्या तोंडाशी बी टाकावयाचे, आणि रोपे हाताएवढी झाली की भर पावसात वाकून एकेक रोप उतारावर लावावयाचे. पीक हाती येते ते दिवाळीच्या सुमारास. ह्यातील एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी: भाद्रपदात डोंगर हिरवागार असतो आणि शहरातील मंडळी तो पाहावयास लोटतात, पण शेतकऱ्याच्या कणग्या त्याच महिन्यात तळाला गेलेल्या असतात.

जेवण उत्तम झाले. चुलीवरची नागलीची भाकरी, कुरडूची भाजी, खुरासणीची चटणी, उडदाचे घुटे आणि शेवटी वाफाळलेला सुवासिक भात. आम्ही मागून मागून भाकरी घेतली. घरची बाई चुलीपाशी बसून भाकरी थापीत होती व तिचा मुलगा वाढीत होता. आमच्या सौभाग्यवतींनी तिला 'मावशी' म्हणून हाक मारली, तीही 'ताई, आणखी घ्या' म्हणून आग्रह करीत होती. ताटे उचलल्यावर आमची धाकटी कन्या शेळीची करडे पाहावयास परसात गेली, आणि परत आली ती एक बातमी घेऊन: "त्यांची मुले भाकरी नाही खात. नुसता पांढरा भात नि पातळ आमटी."

आमच्या सौभाग्यवतींनी मोकळेपणाने विचारले, "मावशी, तुम्ही नाही का घेत भाकरी?" बाई हसून म्हणाली, "गेल्या सालची नागली थोडीच राह्यलीय, ताई. ती पावण्यांसाठी ठेवतो. आमाला रेशनचा तांदूळ येतो की. पोरांना बी भातच ग्वाड लागतो." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती की लाज नव्हती. ती चार शब्द बोलून भांड्यांकडे वळली. आम्हांस मात्र खिशातील एक नोट काढून तिच्या मुलाच्या हाती द्यावी, अशी तीव्र इच्छा झाली. सौभाग्यवतींनी नुसते डोळ्यांनी नको म्हटले, आणि हात खिशातच राहिला. मागाहून विचार करता कळले की, ती नोट मुलाच्या कल्याणासाठी निघत नव्हती. आमच्या मनास लागलेली टोचणी विकत घेऊन दूर करावी, एवढ्यासाठी निघत होती.

आता विचार असा की, ह्यात वावगे काय झाले? एक पक्ष म्हणेल की, पैसा मध्ये आला येथेच सारे बिघडले. आतिथ्य ही काय विकावयाची वस्तू आहे? हा पक्ष ऐकावयास गोड असला तरी आम्हांस तो मान्य नाही. डोंगरातल्या लोकांच्या घरचे फुकटचे जेवण पूर्वी कोण जेवत असे, ह्याचे स्मरण करावे. स्वारीवर आलेल्या अंमलदाराची सरबराई, वसुलीस आलेल्या सावकाराच्या माणसाची कोंबडी, वेठीने वाहिलेली ओझी, हे सारे पैशाविनाच चालत असे, आणि त्यासही आदरातिथ्य असेच नाव होते. त्या मानाने, आपल्या भाकरीची किंमत आपण सांगणारी आणि निम्मे पैसे आधी घेणारी ती बाई कितीतरी स्वतंत्र आहे. तिचा मुलगा मुंबईस कामाला न जाता घरी राहिला, तो ह्याच पैशांवर. तेव्हा गिऱ्हाईक होणे ही लाजेची गोष्ट नव्हे. प्रामाणिक गिऱ्हाईक हा फुकट्या पाहुण्याहून केव्हाही बरा.

दुसरा पक्ष नेमका उलट आहे. तो म्हणतो, पैसे दिले, हिशेब मिटला; तिने घरात काय खावे ही तिची मर्जी. शिवाय पाहुण्यांस चांगले वाढून मागे राहिलेले आपण खावे, हा तर गृहस्थाचा जुना धर्मच आहे. मनुस्मृतीने अशा शेष अन्नास विघस असे नाव देऊन त्याचा गौरव केला आहे. ह्या पक्षाचा पूर्वार्ध पुष्कळसा खरा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मिळणारे धान्य जानेवारी २०२३ पासून विनामूल्य मिळते. तेव्हा पोट त्या तांदळाने भरावे व नागलीचे पैसे करावे, हा त्या बाईचा हिशेब शहाणपणाचाच आहे. पण उत्तरार्ध फसवा आहे. विघस म्हणजे त्याच अन्नातील शेष. येथे एका चुलीवर दोन अन्ने शिजली होती, आणि त्यांतील एक पहिल्यापासूनच घरच्या माणसांसाठी नव्हते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना असतो, व सडलेल्या तांदळात दहाच्या आतबाहेर, असे आहारशास्त्रज्ञ सांगतात. हे वाचूनच तर आम्ही शहरातले लोक नागलीकडे वळलो. म्हणजे वाढत्या हाडांच्या मुलांच्या घरून ती उचलून आम्ही आमच्या पिकल्या हाडांस घातली, आणि ह्या व्यवहारास निसर्गाकडे परतणे असे नाव दिले.

आणि हिशेब तरी खरोखर मिटतो काय? माणशी अडीचशे रुपयांत पीठ, सरपण व श्रम ह्यांची किंमत येत असेल. बियाण्याची येते काय? ह्याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी, शाळेचे तोंडही न पाहता, गावठी भाज्यांची व धान्यांची वाणे घरोघर फिरून गोळा केली, जतन केली व वाटली. २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे नाव झाले. परंतु ज्या शेकडो बायकांनी राखेत घोळून मडक्यांत बी ठेविले, त्यांच्या हातून ते आपल्या ताटापर्यंत आले, आणि त्याची पावती कोणत्याही दरपत्रकात नाही. पाण्याचेही तसेच. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. डोंगरावर पडलेला पाऊस त्यात साठतो व कालव्यांनी खालच्या तालुक्यांतील उसाला जातो. धरणाच्या वरच्या अंगाच्या उतारांवर मात्र नागली आजही आभाळाकडे पाहूनच पिकते. आम्ही शहरात चहात घालतो त्या साखरेत ह्या डोंगराचे पाणी असू शकते, हे त्या दिवशी घुटे ओरपताना आमच्या मनास शिवलेही नव्हते. अन्न जवळून आले, एवढ्याने खाणारा पिकविणाऱ्याच्या जवळ जात नाही.

आमच्या मनात ह्याहून एक खोल भ्रम होता, तो आता कबूल करितो. विदुराघरच्या कण्यांची गोष्ट आपल्या घरोघर मुलांस सांगण्यात येते. राजवाड्यातील पक्वान्ने सोडून भगवान विदुराच्या झोपडीत कण्या खातो. शबरीची बोरे, सुदाम्याचे पोहे ह्याच मालिकेतले. डोंगरातल्या घरी घोंगडीवर बसून जाडी भाकरी खाताना आपण नकळत त्या गोष्टीत शिरतो, आणि शिरतो ते विदुर होऊन नव्हे, श्रीकृष्ण होऊन. आपण येथवर आलो, खाली बसलो, हाताने जेवलो, ह्यातच यजमानाचे भाग्य उजळले असे आपणांस वाटते. पण विदुराने कण्या वाढल्या त्या घरात दुसरे काही नव्हते म्हणून. त्या बाईने नागली वाढली ती घरातील सर्वांत चांगली वस्तू म्हणून. गरिबाचे अन्न म्हणून आम्ही ज्याचे कौतुक करीत होतो, ते त्या घरात गरिबाचे राहिलेले नव्हते. आमच्या कौतुकानेच ते महाग केले होते.

मग काय करावे? जाऊच नये काय? तसे केल्यास त्या बाईचा संसार एका आधारास मुकेल, आणि आमच्या शुद्ध मनाची किंमत तिला मोजावी लागेल. तिने काय खावे हे तिला शिकवू जाणे हा तर निव्वळ उद्धटपणा होय. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा करू नये, अन्न पुष्कळ करावे, आणि वस्तीस आलेल्या कोणासही परत लावू नये, अशी व्रते एकापाठोपाठ एक सांगितली आहेत. ती यजमानाची व्रते होत. पाहुण्याच्या व्रतांविषयी आमच्या परंपरेत त्या मानाने थोडेच बोलणे आहे. आणि आज पाहुणे अनेक व यजमान थोडे अशी स्थिती झाल्यावर ती सांगणे अवश्य आहे. आमच्या अल्पमतीस सुचतात ती अशी: ऋतूत जे असेल ते खावे, नसेल ते मागू नये, सांगितलेल्या दरात घासाघीस करू नये, पानात टाकू नये, घरच्या मंडळींनीही तेच अन्न जेवावे एवढा दर आपण होऊन कबूल करावा, व तसे आधीच बोलावे, आणि डोंगर हिरवा असताना एक दिवस जाऊन येण्यापेक्षा, दिवाळीनंतर पीक निघते तेव्हा वर्षाची नागली तेथूनच रास्त भावाने भरावी, म्हणजे उतारावर ती लावणे त्या घरास परवडत राहील. ह्याने ऋण फिटते असे आम्ही म्हणत नाही. ऋण आहे ही जाणीव मात्र राहते, आणि गिऱ्हाईक व पाहुणा ह्यांतील अंतर आमच्या मते एवढेच आहे: गिऱ्हाईक पैसे दिल्यावर मोकळा होतो, पाहुणा होत नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. राजूर मागे पडल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यांच्या परसात आपण डोकावलो खरे. आपल्याकडे नऊ वर्षे पोळ्या करायला येतात त्या वहिनी घरी जाऊन काय जेवतात, हे मी तरी कधी विचारले?"

आमच्यापाशी ह्याचे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारले. ते उत्तर येथे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरी आठ पोळ्या अधिक होतात, त्यांचा पगार वाढला आहे, आणि मार्गशीर्षात त्या डोंगरावरच्या घरून आलेल्या नागलीच्या दोन पोत्यांपैकी एकात त्यांचाही वाटा ठेविला आहे. धाकटी कन्या अजून भाकरीस नाक मुरडते. तिलाही, त्या परसातल्या मुलांप्रमाणे, भातच गोड लागतो.