रान कुणाचं

ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या अमेरिकेतल्या दोन राज्यांच्या सीमेवर मेस्किटच्या काटेरी झुडपांचं कोरडं रान मैलोन्‌मैल पसरलेलं आहे. गिला नदीच्या काठी डंकन नावाचं एक गाव आहे, हजाराच्या आतल्या वस्तीचं. त्या गावाच्या दक्षिणेला ‘लेझी बी’ नावाचं रँच होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८१ साली पहिल्या स्त्री न्यायाधीश म्हणून नेमल्या गेलेल्या सँड्रा डे ओकॉनर या रँचवर वाढल्या. २००२ साली त्यांनी आणि त्यांचे धाकटे भाऊ ॲलन डे यांनी मिळून त्या बालपणाचं पुस्तक लिहिलं आणि त्याला रँचचंच नाव दिलं. ते पुस्तक मला फार आवडतं. पण ते पुन्हा वाचताना एक प्रश्न मनातून जात नाही: ज्या आठवणी इतक्या खऱ्या आहेत, त्यांवर घराण्याचा इतिहास किती उभा राहू शकतो?

आठवणी खऱ्या आहेत यात शंका नाही. घर कच्च्या विटांचं. पक्की सडक नऊ मैलांवर. सँड्रा सात वर्षांची होईपर्यंत घरात ना वीज होती ना नळाचं पाणी. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे सगळं जगणं पवनचक्क्यांवर चालायचं. पवनचक्की फिरली तर जमिनीखालचं पाणी वर येणार, हौद भरणार, गुरं जगणार. एखादी बंद पडली आणि ते वेळेत कळलं नाही, तर भर उन्हाळ्यात जनावरं हौदाभोवती तडफडून मरणार. म्हणून गड्यांचा आणि मालकाचा दिवस पाण्याच्या फेऱ्या मारण्यात जायचा. ही मुलगी त्यातच घोड्यावर बसायला शिकली, ट्रक चालवायला शिकली, बंदूक धरायला शिकली.

तिच्या आठवणीतला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. रानात वासरांना डाग देण्याचं काम चाललं होतं आणि गड्यांचं जेवण ट्रकमधून पोचवणं तिच्याकडे होतं. वाटेत चाक पंक्चर झालं. घट्ट बसलेल्या चाकाच्या नटांशी एकटीने झुंजून तिने चाक बदललं आणि ती उशिरा पोचली. तिने कारण सांगितलं, तेव्हा वडिलांचं म्हणणं एवढंच, की मग आणखी लवकर निघायला हवं होतं. वडिलांचं प्रेम कमी होतं म्हणून ते असं बोलले असं मला वाटत नाही. वाळवंटात पाणी आणि वेळ सबब ऐकून घेत नाहीत, ते त्यांना पोरीला शिकवायचं होतं. सँड्राच्या वडिलांना, हॅरी डे यांना, स्वतःला तरुणपणी स्टॅनफर्डला जाऊन शिकायचं होतं. पण त्यांचे वडील वारले, रँचचा कारभार गळ्यात पडला आणि ते राहून गेलं. सोळाव्या वर्षी लेक स्टॅनफर्डला गेली.

श्रमाच्या बाबतीत बालपणाची आठवण अशी चोख असते. हातांनी केलेलं काम हात विसरत नाहीत. मालकीच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबता येत नाही. पोराला विहीर दिसते, भाडेपट्टा दिसत नाही.

लेझी बीचं क्षेत्र दीड लाख एकरांहून अधिक होतं. त्यातली कुटुंबाच्या नावावरची जमीन अगदी थोडी. बाकी सगळं रान केंद्र सरकारचं आणि दोन राज्यांचं, चराईसाठी भाड्याने घेतलेलं. आपल्याकडच्या भाषेत गायरानच म्हणायचं. अमेरिकेच्या पश्चिम भागात हे कसं घडलं ते समजून घेण्यासारखं आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका माणसाला १६० एकर मिळत. कोरड्या मुलखात एवढ्या तुकड्यावर गुरांचा कळप जगत नाही. पण तो तुकडा झऱ्याशेजारी किंवा नदीकाठी असला, तर भोवतालचं मैलोन्‌मैल रान दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं राहत नाही, कारण जनावर पाण्यापासून फार दूर चरू शकत नाही. पाणी धरलं की रान आपोआप हातात यायचं. पुढे १९३४ मध्ये टेलर चराई कायदा आला. सरकारी रानावर परवाने आणि शुल्क सुरू झालं, आणि परवाना देताना जवळपास आधीपासून जमीन किंवा पाणी असलेल्यांना प्राधान्य मिळालं. ज्यांनी आधी पाणी धरलं त्यांचा ताबा अशा रीतीने कागदावरही आला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबलेल्या माणसांना ते रान ‘आपलं’ वाटणं स्वाभाविक आहे, आणि त्यांच्या कष्टांत खोट नाही. तरीही ते रान त्यांचं नव्हतं.

डे घराण्याचा इतिहास आजोबांपासून सुरू होतो. आपल्याकडचे कुलवृत्तांतही मूळपुरुषापासूनच सुरू होतात. व्हरमाँटहून निघालेले हेन्री क्ले डे यांनी १८८० साली हे रँच वसवलं. त्याच वर्षी सदर्न पॅसिफिक रेल्वेचे रूळ जवळच्या लॉर्ड्सबर्गला पोचले आणि गुरं दूरच्या बाजारात पाठवणं शक्य झालं. साऱ्या मुलखात एवढी गुरं घातली गेली, की १८९१ ते १८९३ च्या दुष्काळात ॲरिझोनातली निम्म्याहून अधिक मेली असावीत असा अंदाज केला जातो. गवत गेलं ते पूर्वीसारखं परत आलं नाही, त्याच्या जागी मेस्किट माजलं. सँड्राने लहानपणी जे रान पाहिलं ते सृष्टीने दिलेलं तसंच्या तसं नव्हतं, आजोबांच्या पिढीने गुरं चारून संपवल्यानंतर उरलेलं होतं.

आणि त्याच १८८० साली याच प्रदेशातलं दुसरं एक मूल जीव मुठीत धरून पळत होतं. त्याचं नाव केवेक्ला. तो वॉर्म स्प्रिंग्ज अपाची लोकांचा. त्यांचं मूळ ठिकाण न्यू मेक्सिकोतलं ओहो कालिएंते, गरम पाण्याच्या झऱ्यांचं. १८७७ मध्ये सरकारने त्यांना तिथून उठवून सॅन कार्लोसला नेलं. डंकनवरून वाहत जाणाऱ्या गिला नदीच्याच काठी, पण बरंच खाली. ती जागा त्यांना सोसली नाही. त्यांचा नायक व्हिक्टोरिओ माणसांना घेऊन बाहेर पडला. ऑक्टोबर १८८० मध्ये मेक्सिकोतल्या त्रेस कास्तियोस इथे मेक्सिकन सैन्याने त्याच्या तांड्याला गाठलं आणि तो मारला गेला. जे थोडे निसटले त्यांत चिमुकला केवेक्ला आणि त्याची आई गूयेन होती.

म्हातारपणी केवेक्लाने आपलं बालपण लेखिका ईव्ह बॉल यांना सांगितलं, आणि १९७० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ते पुस्तकरूपाने आलं. त्यातही घोडे आहेत, पाणी आहे, मुलांना कडक शिस्त लावणारी मोठी माणसं आहेत. फुगलेल्या रिओ ग्रांदेत व्हिक्टोरिओची बहीण लोझेन आपला घोडा घालते आणि काठावर घाबरून थांबलेली बायकामुलं तिच्यामागे उतरतात, ही आठवण त्याचीच. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत असं मला कळकळीने वाटतं. एकात पवनचक्की चालू ठेवायला शिकणारं मूल आहे, दुसऱ्यात झऱ्यावर कुणी टपलेलं नाही ना हे आधी पाहायला शिकणारं. रान तेच.

१८८६ मध्ये अपाची लढवय्या जेरोनिमोच्या तुकडीला त्याच सदर्न पॅसिफिकच्या गाडीत बसवून पूर्वेकडे रवाना केलं गेलं. जे लढलेही नव्हते अशा चिरिकाव्हा आणि वॉर्म स्प्रिंग्ज अपाचींनाही युद्धकैदी ठरवून फ्लोरिडाला नेलं. पुढे अलाबामा, मग ओक्लाहोमातलं फोर्ट सिल. ही कैद १९१३ पर्यंत चालली. कैदेत जन्मलेली मुलंही कैदीच.

रानाच्या मालकीचा हाच प्रश्न ओकॉनर यांच्यापुढे न्यायाधीश म्हणूनही आला. १९८८ मध्ये त्यांच्यापुढे कॅलिफोर्नियातल्या युरोक, कारुक आणि टोलोवा या जमातींचा खटला आला. त्यांच्या पूजास्थळांच्या जंगलातून सरकारला रस्ता न्यायचा होता. जमातींचे वापराचे हक्क काहीही असोत, जमीन सरकारची आहे आणि ती कशी वापरायची हे सरकार ठरवू शकतं, असा बहुमताचा निकाल ओकॉनर यांनी लिहिला. त्याचं मूळ थेट त्यांच्या बालपणात शोधणं उतावीळपणाचं होईल. तरीही तो वाचताना मला लेझी बी आठवतं. सरकारच्या मालकीच्या जमिनीवर माणसाचं सगळं आयुष्य, सगळी माया जडलेली असू शकते, हे त्या न्यायालयात त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ती जाण त्या निकालात यायला हवी होती. ती आली नाही, आणि हे मला त्या निकालाचं सर्वांत मोठं उणेपण वाटतं. पुढे संसदेने कायदा करून ते रान राखलं आणि रस्ता झाला नाही.

हॅरी डे १९८४ मध्ये वारले. नंतरच्या काही वर्षांत कुटुंबाने रँच विकून टाकलं. फोर्ट सिलच्या कैद्यांचे वंशज मात्र न्यू मेक्सिकोत परत येण्यासाठी धडपडत राहिले. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकी सरकारने डेमिंगजवळच्या अकेला फ्लॅट्स इथली त्यांची जमीन राखीव भूमी म्हणून जाहीर केली. ती ३० एकर आहे.