दत्तापायीचे श्वान

दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान शांत असतात. त्यांना आपण वेद मानतो. आमच्याकडे नव्याने आणलेला मोती मात्र दुसरं कुत्रं दिसलं की धावून जायचा. लोक काय म्हणतील म्हणून मी एकदा त्याला मारलं. त्याने काय धरलं? दुसरं कुत्रं दिसलं की मार बसतो! भीती वाढली, धावणंही वाढलं. मग तो भुंकणार नाही इतक्या लांब उभं राहायचं, कुत्रं दिसताच भाकरीचा तुकडा द्यायचा. अंतर हळूहळू कमी केलं. महिने गेले. चोवीस गुरूंत कुत्रा नाही खरा. पण त्या दिवशी रागावर ताबा कोणाचा सुटला होता? परवा देवळाच्या पायरीशी एक कुत्रं झोपलेलं. मोती थबकला, माझ्याकडे बघून तुकड्याची वाट पाहू लागला.