सलाम, अधिक दहा टक्के

सिंगापूरच्या आलिशान हॉटेलांची तुलना करायला माझ्याइतका लायक माणूस सापडणं कठीण. कारण मी त्यांपैकी एकाही हॉटेलात राहिलेलो नाही. जो राहतो तो बिल भरतो, आणि जो बिल भरतो त्याला आपण मूर्ख ठरू नये म्हणून हॉटेल उत्तमच होतं असं जन्मभर सांगत फिरावं लागतं. माझ्यावर तसलं दडपण नाही. मी ही हॉटेलं पाहिली ती फुटपाथवरून, दारातून, आणि जिथं सोडलं तिथं आतून.

थोरल्या बहिणीचा मुलगा तिथं नोकरीला आहे. सरकारी वसाहतीतल्या अकराव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. "मामा, मामीला घेऊन एकदा याच," असं तो चार वर्षं म्हणत होता. बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात गेल्यावर एकदा स्वतःचे मोजले आणि गेलो. उतरायची सोय त्याच्याकडेच. पण सिंगापूरला येऊन मोठी हॉटेलं पाहिली नाहीत तर काय पाहिलं, म्हणून एका शनिवारी तो आम्हाला हॉटेलं दाखवायला घेऊन निघाला. ही म्हणाली, "म्हणजे पंढरपुरात गर्दी असली की कळसाचं दर्शन घेतात तसं." पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि पाण्याची बाटली होतीच. यात्रेला आणखी काय लागतं?

पहिलं रॅफल्स. १८८७ साली सरकीज नावाच्या आर्मेनियन भावांनी दहा खोल्यांच्या बंगल्यात ते सुरू केलं. आजची पांढरीशुभ्र मुख्य इमारत १८९९ सालची. १९०२ मध्ये एका खेळातून पळालेला वाघ इथल्या बिलियर्डच्या खोलीखाली येऊन दडला होता. ती खोली खांबांवर उभी होती. शेवटी शाळेचे हेडमास्तर बोलावून त्यांच्याकडून त्याला गोळी घालवली. (शिक्षकांकडून शिकवण्याखेरीज बाकी सगळी कामं करून घ्यायची पद्धत किती जुनी आहे पाहा.) १९३१ साली सरकीज बंधूंचं दिवाळं निघालं. हॉटेल मात्र राहिलं. त्यांना कर्ज देणाऱ्या बँकेत तेव्हा कोण क्लार्क होता आणि त्याला किती मेमो मिळाले, हे इतिहास सांगत नाही.

या हॉटेलच्या दारात पांढऱ्या पोशाखातला, फेटा बांधलेला उंचापुरा सरदारजी उभा असतो. तो तिथला कुतुबमिनारच म्हणायचा. येणारा जाणारा त्याच्याबरोबर फोटो काढून घेतो. आम्ही पायऱ्यांशी गेलो. त्यानं मला सलाम केला.

सलाम मला नवा नाही. आमच्या शाखेचा वॉचमनही करतो, पण तो दिवाळीच्या आधीचा आठवडाभर. हा सलाम ऑगस्ट महिन्यातला होता. मी इतका गडबडलो की उलट त्यालाच वाकून नमस्कार केला. मग त्यानं हिंदीत चौकशी केली. इंडियातून आलात का, प्रवास कसा झाला, मुलगा इथंच असतो का. आणि मग इतक्या मऊ आवाजात सांगितलं, की ही समोरची लॉबी फक्त राहणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे; पण त्या बाजूनं गेलात तर व्हरांडे, बाग, दुकानं सगळं पाहता येईल, आणि दुपारच्या वेळी तिकडे सावलीही असते. हिनं त्याच्याबरोबर दोन फोटो काढले. आम्ही खूश होऊन बाजूला वळलो आणि शंभर पावलं चालून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या गृहस्थानं आपल्याला आत सोडलेलं नाही.

हे मला फार लागलं. अपमान म्हणून नव्हे, धंद्याच्या दृष्टीनं. तो "नाही" म्हणाला आणि मी त्याचे आभार मानले. मी बावीस वर्षं काउंटरवर "हो" म्हणतो आहे आणि लोक पुटपुटत बाहेर पडतात.

तिथून पायी फुलर्टनला गेलो. सिंगापूर नदीच्या मुखाशी मोठमोठ्या खांबांची, करड्या दगडी थाटाची ही इमारत. पण हिचा जन्म हॉटेलचा नव्हे. १९२८ साली ती बांधली सरकारी कचेऱ्यांसाठी. खाली जनरल पोस्ट ऑफिस, आणि वरच्या कचेऱ्यांत पुढं प्राप्तिकर खातंसुद्धा होतं. १९९०च्या दशकात ही खाती हलली आणि २००१ साली इथं चारशे खोल्यांचं हॉटेल उघडलं. भाचा म्हणाला, "मामा, इथं पूर्वी लोक तिकिटं घ्यायला नि टॅक्स भरायला रांगा लावायचे." मी उगाच हळवा झालो. हॉटेलात शिरल्यासारखं वाटेना, माहेरी आल्यासारखं वाटलं. जिथं कधीकाळी माझ्यासारखेच कोणी "पुढच्या खिडकीवर जा" म्हणत बसले असतील, तिथं आता फुलदाण्या होत्या, मऊ खुर्च्या होत्या. आतल्या बारचं नाव पोस्ट बार. आमच्या शाखेचं कधीकाळी हॉटेल झालं तर बारचं नाव "लंच टाइम" ठेवावं अशी माझी सूचना आहे.

चहा घ्यायचाच असा भाच्याचा हट्ट. तो आम्ही कुठल्या हॉटेलात घेतला हे सांगत नाही, कारण त्या चहाविषयी मला चांगलं काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते त्यांच्या दरपत्रकाविषयी. प्रत्येक किमतीपुढं अधिकची दोन चिन्हं होती. मला वाटलं छपाईची चूक. भाच्यानं खुलासा केला: पहिलं अधिक म्हणजे दहा टक्के सेवाशुल्क, दुसरं म्हणजे नऊ टक्के जीएसटी. आणि हा जीएसटी सेवाशुल्क धरून जी रक्कम होते तिच्यावर. म्हणजे शंभर डॉलरचे झाले एकशेदहा, आणि एकशेदहावर नऊ टक्के नऊ डॉलर नव्वद सेंट. एकूण एकशेएकोणीस नव्वद. बी.कॉम. झाल्याचं सार्थक मला आयुष्यात प्रथमच तिथं वाटलं. वेगळी बक्षिसी द्यायची तिथं पद्धत नाही. अदब बिलातच धरलेली असते.

पण मनात किडा शिरला तो शिरलाच. ती चहा आणणारी मुलगी कमरेत किंचित वाकून हसली, ते हसू दहा टक्क्यांतलं होतं. सरदारजीचा सलाम त्याच्या पगारातला. मग ही अदब खरी की खोटी? पैसे घेऊन दिलेला आदर हा आदर म्हणायचा का? नदीकाठच्या बाकावर पुऱ्या खाताना मी हा प्रश्न हिच्यापुढं मांडला. तत्त्वज्ञान मला पुरी हातात असतानाच सुचतं.

"भटजी दक्षिणा घेतात, म्हणून सत्यनारायण खोटा होतो का?" ही म्हणाली.

"तसं नाही. पण तो सलाम मनापासून असेल का?"

"मी रोज सकाळी सहाला उठून तुमचा डबा करते तो रोज मनापासून करते असं वाटतं का तुम्हाला? चांगला होतो ना? मग झालं तर."

ही गोष्ट मला लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर परदेशात कळली. मी गप्प बसलो. पण हिच्या बोलण्यात तथ्य होतं हे कबूल करायला पाहिजे. मनापासून केलेली गोष्टच खरी धरायची म्हटली तर आपण सगळेच दिवसातले फार तर दोन तास खरे असतो, आणि त्यातला एक झोपेतला. शिवाय त्या सरदारजीची एक गोष्ट मला नंतर जाणवली. मी राहणारा नाही, हे त्यानं माझ्या पिशवीवरून आणि हिच्या बाटलीवरून दुरूनच ओळखलं असणार. माझ्याकडून एक सेंटसुद्धा मिळायचा नाही हे त्याला माहीत होतं. तरी सलाम आधी केला आणि चौकशी मागून. आमच्याकडे उलट. खाते नंबर टाकला की आमच्या पडद्यावर आधी शिल्लक येते. मग आम्ही मान वर करून माणूस पाहतो. शिल्लक बरी असली तर. नसली तर मान वर करायचं कारणच पडत नाही.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकतो. विनोदी लेखात ती बसत नाही, पण त्या बाकावर ती माझ्या शेजारी येऊन बसली ती उठेचना.

आमच्याकडे एक पेन्शनर आजोबा येतात. शाळामास्तर होते. आदल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आले. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राला त्यांचा अंगठा उमटेना. जन्मभर खडू धरून झिजला असेल. मी म्हणालो, "आजोबा, मशीन तुम्हाला ओळखत नाही, त्याला मी काय करू? चार नंबरला जा." चार नंबरनं त्यांना परत माझ्याकडे पाठवलं. मी पुन्हा चारला. तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला ते मला "साहेब" म्हणाले. शेवटी कागदी फॉर्म भरून घेतला आणि काम झालं. त्याच दिवशी झालं, नियमाप्रमाणे झालं, तक्रारीला कुठं जागा नव्हती. जाताना ते म्हणाले, "आभारी आहे, साहेब." मी नोटा मोजत होतो. मी मान हलवली असावी. नक्की आठवत नाही.

आता हिशेब मांडा. सरदारजीची अदब विकत घेतलेली, पण तिची भीती कुणाला नव्हती. आजोबांचं "साहेब" फुकटचं, पण ते पेन्शन अडकू नये म्हणून. राहिलो मी. माझ्या पगारातही अदब धरलेली आहे. दरवर्षी ग्राहकसेवेचं परिपत्रक येतं आणि त्याच्यावर मी सही करतो. म्हणजे पैसे घ्यायचे आणि माल द्यायचा नाही. याला बाजारात काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही, खातेदार वाचतात. सलाम खरा की खोटा याची चौकशी करणारा मी कोण, तर हा.

संध्याकाळी मरीना बे सँड्स पाहिलं. २०१० सालचं. पंचावन्न मजल्यांचे तीन मनोरे आणि त्यांच्या डोक्यावर आडवी ठेवलेली होडी. सत्तावन्नाव्या मजल्यावर दीडेकशे मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव आहे, पण त्यात पोहायला हॉटेलात उतरावं लागतं. ज्याला पोहता येत नाही त्याला या अटीचं दुःख होत नाही. खाली जुगाराचं दालन आहे. तिथं परदेशी माणसाला पासपोर्ट दाखवला की प्रवेश फुकट, आणि सिंगापूरचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी असेल तर दिवसाला दीडशे डॉलर भरावे लागतात. पूर्वी शंभर होते, २०१९ पासून दीडशे. भाचा कायमचा रहिवासी. "मामा, तुम्ही फुकट बिघडू शकता, मला परवडत नाही," म्हणाला. आपल्या माणसांना मोहापासून वाचवायचं आणि पाहुण्यांचं पाहुण्यांनी पाहावं, असं हे आतिथ्य.

पण माझं लक्ष भलतीकडेच होतं. त्या लॉबीत दादर स्टेशनाइतकी माणसं होती आणि माझ्याकडे कोणी पाहतसुद्धा नव्हतं. पाहायचं कारणही नव्हतं. तरी मी दाराशी क्षणभर थांबलो. मागून ही म्हणाली, "चला की, कशाला थांबलात?" काय सांगणार? मी दार उघडलं जायची वाट पाहत होतो. दुपारी बारा वाजता ज्याला सलाम कसा घ्यावा ते कळत नव्हतं, त्याला संध्याकाळी सहा वाजता तो मिळाला नाही म्हणून चुकल्यासारखं वाटत होतं. सहा तासांत! सलाम करणाऱ्याचं काय होतं कोण जाणे, त्याला पगार मिळतो; घेणाऱ्याचं हे असं होतं. आणि मी तर बावीस वर्षं "साहेब" घेतो आहे. बाहेर पाण्यावर दिव्यांचा आणि कारंज्यांचा खेळ झाला. तो फुकट होता. दोघांनी पाहिला.

परत आलो. सोमवारी कामावर गेलो. ऊन, गर्दी, सर्व्हर झोपलेला. साडेअकराच्या सुमाराला आजोबा दारात दिसले. पासबुक भरायला आले होते. मी खुर्चीवरून उठलो. काउंटरच्या बाहेर जाऊन म्हणालो, "या सर. उन्हातून आलात, बसा. पाणी आणू का?"

आजोबा बसले नाहीत. त्यांनी पासबुक छातीशी धरलं, माझ्याकडे पाहिलं, मग मॅनेजरच्या केबिनकडे पाहिलं.

"साहेब, काय झालं?" ते म्हणाले. "पेन्शन बंद झाली का?"

"नाही हो, तसं काही नाही. बसा तुम्ही."

त्यांचा काही विश्वास बसेना. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मग मी चार नंबरला जाऊ का?"