उच्छिष्ट आणि वाणी

लाळ तोंडात असते तोवर तिच्याविषयी कोणाला किळस वाटत नाही. माणूस ती दिवसभर नकळत गिळत असतो आणि तिच्याच आधाराने जेवत व बोलत असतो. तीच लाळ ओठांबाहेर येऊन पानाला, भांड्याला किंवा दुसऱ्याच्या अंगाला लागली की अशुद्ध ठरते, आणि मग ज्याच्या तोंडातून ती आली त्यालाही ती परत तोंडात घ्यावीशी वाटत नाही. द्रव्य तेच राहते, त्याचे मूल्य मात्र क्षणात उलटे होते. ही अशुद्धी नेमकी कोठे राहते, या प्रश्नाला भारतीय धर्मविचाराने जी उत्तरे दिली ती शौचाशौचाच्या आचारापुरती मर्यादित राहिली नाहीत. सत्य, वाणी आणि माणसाची प्रतिष्ठा या विषयांनाही ती जाऊन भिडली.

प्रथम द्रव्याचा विचार करणे योग्य होईल. कानांच्या पुढे व खाली, खालच्या जबड्याच्या आत आणि जिभेखाली अशा मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात, त्यांखेरीज ओठ, गाल व टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी असतात, आणि या सर्वांतून मिळून दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तिच्यात जवळजवळ ९९ टक्के पाणी असते; उरलेल्या अल्पशा भागात पिष्टमय पदार्थांचे पचन सुरू करणारे टायलिन हे विकर, घासाला गुळगुळीतपणा देणारा श्लेष्मल पदार्थ, जंतूंच्या भित्तिका फोडणारे लायसोझाइम, रोगप्रतिकारक प्रथिने आणि दातांच्या कवचाची झीज भरून काढणारे कॅल्शियम व फॉस्फेट हे क्षार असतात. हे पाणी आणि क्षार मुळात रक्तातूनच आलेले असतात. या द्रवाशिवाय चवही कळत नाही, कारण रुचिकलिकांपर्यंत पदार्थ पोहोचतो तो विरघळलेल्या रूपातच. जीभ पूर्ण कोरडी असेल तर तिच्यावर ठेवलेली कोरडी साखर गोड लागत नाही.

ही शेवटची गोष्ट न्याय-वैशेषिक परंपरेतील विचारवंतांच्या ध्यानात आली होती आणि त्यांनी तिला आपल्या ज्ञानमीमांसेत स्थान दिले. प्रत्येक इंद्रिय ज्या महाभूताचा विशेष गुण ग्रहण करते त्याच महाभूताचे ते बनलेले असते, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि म्हणून रस ग्रहण करणारे रसनेंद्रिय जलाचे आहे असे ते मानत. ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’ या सतराव्या शतकातील ग्रंथात त्यासाठी दिलेले अनुमान मोठे मार्मिक आहे: सातूच्या पिठाची चव पाणी घातल्यावर प्रकट होते, आणि त्या पाण्याप्रमाणेच रसनाही गंध वगैरे इतर गुण प्रकट न करता केवळ रस प्रकट करते, म्हणून ती जलीय होय. आयुर्वेदाने हेच निरीक्षण शरीराच्या भाषेत मांडले. कफाच्या पाच प्रकारांपैकी जिभेच्या ठिकाणी राहून रसाचा बोध करून देणारा तो ‘बोधक’ कफ, असे वाग्भटाने म्हटले आहे. तोंडातील ओलावा हे ज्ञानाचे साधन आहे, ही कल्पना या दोन्ही शास्त्रांत इतकी स्पष्ट आहे, की त्याच ओलाव्याला धर्मशास्त्राने दिलेले वेगळे स्थान पाहताना ती विसरता येत नाही.

बोलण्यासाठीही हाच ओलावा लागतो. जिभेने दंत, मूर्धा किंवा तालू यांना स्पर्श करून लगेच सुटणे, ओठांनी मिटून उघडणे या हालचाली ओल्या पृष्ठभागांवर सहज होतात. लाळ आटली की जीभ टाळूला चिकटते, वर्ण अडखळतात आणि फार वेळ बोलणे अशक्य होते. भीतीच्या क्षणी चेतासंस्थेतील बदलामुळे लाळेचा प्रवाह घटतो, म्हणून घाबरलेल्या माणसाला बोलता येईनासे होते. या अनुभवावर प्राचीन न्यायपद्धतीने एक परीक्षाच उभारली होती. साक्षीपुरावा नसताना खरेखोटे ठरवण्यासाठी जी ‘दिव्ये’ सांगितली आहेत त्यांतील ‘तंडुलदिव्य’ विशेषतः चोरीच्या आरोपासाठी होते. देवतेच्या स्नानजलात भिजवून रात्रभर ठेवलेले तांदूळ आरोपीने चावून पानावर थुंकायचे, आणि त्यांत रक्त दिसले, हनुवटी व टाळू सोलवटली किंवा अंग कापू लागले तर तो दोषी. कोरड्या तोंडाने तांदूळ चावले तर हिरड्या दुखावणार, हे शरीरशास्त्राच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. परंतु या दिव्याने जे पकडले जाते ते असत्य नव्हे, भय होय, आणि राजसत्तेपुढे उभ्या केलेल्या निरपराध दुर्बळाचे तोंड निर्ढावलेल्या चोरापेक्षा अधिक कोरडे पडते. शरीराने दिलेली साक्ष निःपक्षपाती असते, असे मानणाऱ्यांनी हे दिव्य लक्षात घ्यावे.

असत्य आणि लाळ यांचा आणखी सूक्ष्म संबंध मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दिसतो. तेथे झोपून उठल्यावर, शिंकल्यावर, जेवल्यावर, थुंकल्यावर, खोटे बोलल्यावर, पाणी प्यायल्यावर आणि वेदाध्ययनाला आरंभ करताना, माणूस अन्यथा शुद्ध असला तरी त्याने आचमन करावे, म्हणजे विधिपूर्वक पाणी प्राशन करून मुख शुद्ध करावे, असे सांगितले आहे. थुंकणे आणि खोटे बोलणे एकाच श्लोकात, एकाच उपायाखाली यावे, ही गोष्ट वरवर पाहता नैतिक दोषाचे मोल कमी करणारी वाटते, कारण असत्याची भरपाई घोटभर पाण्याने होत नाही. तरीही तिच्या मागचा विचार टाकाऊ नाही. मुखातून बाहेर पडणाऱ्या द्रवाप्रमाणे शब्दही मुखालाच लागून राहतो, बोलणाऱ्याला स्वतःपासून तो झटकून टाकता येत नाही, आणि पुढचा शब्द त्याच मुखातून यायचा असल्यामुळे मागच्या शब्दाचा डाग पुढच्यावर पडतो, अशी ही धारणा आहे. वाणीची जबाबदारी इतक्या शारीर पातळीवर मांडणारे धर्मग्रंथ थोडे असतील.

याच धर्मशास्त्राने वाणीला एक सवलतही दिली. ‘उच्छिष्ट’ म्हणजे खाऊन उरलेले, मुखाचा स्पर्श झालेले अन्न, आणि जेवून तोंड न धुतलेली व्यक्तीही तोवर उच्छिष्टच. या नियमाचा अर्थ काटेकोरपणे लावला तर बोलताना उडणाऱ्या तुषारांमुळे प्रत्येक श्रोता अशुद्ध होईल आणि गुरूसमोर बसून वेद शिकणेच अशक्य होईल. गौतम धर्मसूत्राने म्हणून असे ठरवले, की मुखातून उडणारे थेंब अंगावर पडले नाहीत तर ते उच्छिष्ट करीत नाहीत. ही तडजोड व्यवहारातून आलेली असली तरी तिच्यात मोठी कबुली आहे: अशुद्धी लाळेच्या द्रव्यात असती तर हवेत उडालेला थेंबही अशुद्धच ठरला असता.

उच्छिष्टाचा नियम मुळात आरोग्यासाठी होता, रोगजंतूंचे ज्ञान नसतानाही पूर्वजांनी संसर्ग ओळखला होता, असे समर्थन अलीकडे वारंवार केले जाते. लाळेतून रोग पसरतात हे खरेच आहे, आणि दुसऱ्याचे उष्टे न खाण्याची सवय त्या दृष्टीने हितकारकच आहे. पण धर्मसूत्रांचा पुरावा या समर्थनाला पुरेसा आधार देत नाही. आपस्तंबाने शिष्याला गुरूचे उच्छिष्ट खाण्यास सांगितले आहे, तसेच पिता आणि ज्येष्ठ बंधू यांचेही. पतीच्या ताटात पत्नीने जेवण्याची रीत तर अगदी अलीकडच्या पिढ्यांपर्यंत घराघरांत चालू होती. रोगजंतूंना नाते कळत नाही आणि वडीलधारेपणाचा मान राखता येत नाही. ज्याचे उष्टे खाणे पुण्य आणि ज्याचे उष्टे खाणे पाप, हा भेद लाळेच्या गुणावर उभा नाही. देणारा वर आहे की खाली, यावर उभा आहे. लाळ येथे माणसामाणसांतील उतरंड मोजण्याचे माप झाली आहे.

श्रमण परंपरांनी हा प्रश्न वेगळ्या दिशेने नेला. बौद्ध साधनेत शरीराच्या बत्तीस भागांवर चिंतन करताना ‘खेळ’ म्हणजे लाळ हाही एक भाग मनापुढे आणायचा असतो, आणि पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात लाळेने माखलेल्या घासाचे वर्णन मुद्दाम किळसवाणे केले आहे, ते आसक्ती सुटावी म्हणून. तेथे किळस आहे, पण ती भिक्षूच्या स्वतःच्याच मुखाविषयी आहे, दुसऱ्याच्या मुखाविषयी नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. जैन मुनी लाळ व कफ कोठे टाकावा याचे नियम पाळतो, कारण त्यांत सूक्ष्म जीव उत्पन्न होतात असे आगम मानतात. स्थानकवासी व तेरापंथी साधूंच्या मुखावर बांधलेली मुहपत्ती बोलताना वायुकायिक जीवांची हिंसा टाळण्यासाठी आणि शास्त्रग्रंथावर थुंकीचे कण पडू नयेत म्हणून असते. मुंबईच्या अग्यारीत पारशी धर्मगुरूही अग्नीसमोर ‘पदान’ नावाचे मुखवस्त्र बांधतो. जैनांच्या वस्त्रामागे अहिंसा आहे, पारशांच्या वस्त्रामागे अग्नीचे पावित्र्य. बोलणाऱ्या तोंडावरच ते बांधावेसे वाटले, हे दोन्हींत समान आहे.

भक्ती आणि तंत्र यांनी मात्र उच्छिष्टाचा नियम सरळ उलटा केला. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील उच्छिष्टसूक्तात यज्ञशेषाला विश्वाचा आधार मानून नाम, रूप, ऋचा, साम आणि यजुस् ही सर्व त्याच्यातच ठेवलेली आहेत असे म्हटले आहे, म्हणजे वेदवाणीच उच्छिष्टावर आधारलेली आहे. बाराव्या शतकातील शेक्किळार याच्या ‘पेरियपुराणम्’ या तमिळ ग्रंथात कण्णप्प हा शिकारी तोंडात भरून आणलेल्या पाण्याने शिवलिंगाला स्नान घालतो आणि स्वतः चाखून पाहिलेले मांस अर्पण करतो, आणि शिव आगमोक्त पूजा करणाऱ्या ब्राह्मणाला त्या भक्तीचे मोल पाहायला लावतो. शबरीच्या उष्ट्या बोरांची कथा वाल्मीकी रामायणात नाही. ती भक्तिपरंपरेने नंतर घडवली, आणि ती घडवावीशी वाटली यातच त्या परंपरेचा कल दिसतो. वारकऱ्यांच्या काल्यातही गोपाळांनी कृष्णासह एकमेकांचे उष्टे खाल्ल्याचे स्मरण असते. सर्वांत धीट कल्पना मातंगीची आहे. दशमहाविद्यांपैकी ही देवता वाणीची, संगीताची आणि कलांची अधिष्ठात्री असून तिचे एक नाव उच्छिष्टचांडालिनी आहे. तिला नैवेद्य दाखवायचा तो उच्छिष्ट अन्नाचा, आणि उपासकाने तोंड न धुता तिची पूजा करायची. आचमनावाचून वेद उच्चारू नये असे सांगणाऱ्या परंपरेतच वाणीची देवता न धुतलेल्या मुखाने पूजा मागते आणि चांडाळीचे नाव धारण करते. शब्दाला मुखाच्या ओलाव्यापासून आणि बहिष्कृत माणसापासून तोडता येत नाही, हे सत्य तांत्रिकांनी ओळखले होते असेच म्हणावे लागते.

परंतु अपवादांनी नियम मोडत नाही. अनेकदा तो अधिक सुखाने टिकतो. शबरीची बोरे गोड मानणारा समाज शबरीच्या वंशजांच्या हातचे पाणी पीत नव्हता, कारण जे देवाला चालते ते माणसाला चालेलच असे त्याने कधी मानले नाही. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, आपली थुंकी जमिनीवर पडून तिच्यावर नकळत पाय ठेवणारा सवर्ण विटाळू नये म्हणून, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात हे नोंदवले आहे. आपस्तंबाच्या शिष्याने गुरूचे उष्टे कृतज्ञतेने खावे आणि महाराने स्वतःची थुंकी गळ्यात वागवावी, ही एकाच तर्काची दोन टोके आहेत. वरून खाली येणारी लाळ प्रसाद, आणि खालून येणारी, मातीत पडलेलीसुद्धा, विटाळ.

मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत आंबेडकरांनी उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले, आणि त्याच परिषदेतून लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. या दोन कृती एकत्र पाहिल्या म्हणजे त्यांच्यातील तत्त्व स्पष्ट होते: उतरंडीतून येणारे उच्छिष्ट नाकारायचे आणि सर्वांच्या मालकीचे पाणी समान हक्काने ओठांना लावायचे. सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याची शुद्धी केली आणि वाद न्यायालयात गेला. अस्पृश्यांना त्या तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असा सवर्ण पक्षाचा दावा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली तो फेटाळला, कारण अशी अनादी रूढी पुराव्याने सिद्ध करणे त्या पक्षाला जमले नव्हते.